मीटर दाखवा, बीपवाला

घरातल्या एकाच खोलीची लाइट गेली, की आधी टेस्टर शोधला जातो. तो फ्रिजवरच्या डब्यात असतो, सेफ्टीपिना, रबरबँड आणि मुदत संपलेल्या वॉरंटी कार्डांच्या तळाशी. वर्षभर त्याने डब्यांची झाकणं उचकटलेली असतात, मिक्सरचे स्क्रू पिळलेले असतात. त्यामुळे त्याचं टोक आता ना धड टेस्टरचं, ना धड स्क्रू ड्रायव्हरचं. तरी घरातला एक जाणता माणूस पुढे होऊन तो सॉकेटमध्ये खुपसतो आणि बाकीचे आतल्या नारिंगी ठिपक्याकडे डोळे लावून उभे राहतात.

हा टेस्टर चालतो कसा, हे सांगितलं तर निम्मी मंडळी तो हातात धरणार नाहीत. आत निऑनचा चिमुकला दिवा, त्याच्यामागे काही लाख ओहमचा रेझिस्टन्स, आणि सर्किट पूर्ण होतं ते धरणाऱ्याच्या अंगातून. दिवा पेटतो तेव्हा करंट खरोखरच माणसातून जात असतो. इतका थोडा, की माणसाला पत्ता लागत नाही. रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर चढलेल्या माणसाला टेस्टर मंद दिसतो आणि तो बायकोला सांगतो, ‘व्होल्टेज डाऊन आहे.’

खरी गंमत होते ती दोन्ही होलमध्ये टेस्टर पेटला की. ‘डबल फेज आली!’ अशी आरोळी उठते. काही घरांत तर पॉवर दुप्पट झाली अशीही समजूत होते, फक्त त्या दुप्पट पॉवरवर पंखा का फिरत नाही हे कोणाला सांगता येत नाही. प्रत्यक्षात मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असतो. घरातला टीव्ही किंवा फ्रिज चालू राहिलेला असतो, फेज त्याच्यातून आरपार होऊन न्यूट्रलच्या तारेत येऊन बसते, आणि टेस्टर बिचारा इमानेइतबारे दोन्हीकडे पेटतो. त्याला एका वेळी एकाच तारेबद्दल बोलता येतं. दोन तारांमध्ये मिळून काय चाललंय हे विचारायचं असेल तर मीटर, म्हणजे मल्टिमीटर, लागतो. त्याच दोन होलमध्ये मीटरच्या पिना घातल्या, तर आकडा जवळपास शून्य येतो आणि डबल फेजचा निकाल लागतो.

म्हणून वायरमन दुकानात जातो. पुण्यात असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मुंबईत असेल तर लोहार चाळीत. आयटीआयचा वायरमनचा दोन वर्षांचा ट्रेड नुकताच पार केलेला एखादा मुलगा काउंटरपाशी येतो तेव्हा संवाद साधारण असा होतो.

‘शेठ, मीटर दाखवा.’

‘कुठला देऊ?’

‘बीपवाला.’

बीप हे मीटरच्या खरेदीतलं सर्वांत मोठं आकर्षण. दोन पिना एकमेकींना टेकवल्या की ‘पीं’ वाजतं, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर माल पास झाल्याचं समाधान पसरतं. वाजवून पाहिल्याशिवाय आपण नारळही घेत नाही. पण बीप नेमकं काय सांगतो? बहुतेक मीटर थोडक्या ओहमच्या आतला कुठलाही रस्ता दिसला की वाजतात. म्हणजे पाच ओहमचा सैल सांधाही तितक्याच आनंदाने वाजतो. आता त्याच सांध्यातून दोन हजार वॉटचा गिझर चालवा. सात अँपिअरच्या वर करंट जाईल आणि त्या सांध्यातच अडीचशे वॉटहून जास्त उष्णता तयार होईल. बीप वाजलेला असतो, एमसीबी पडलेला नसतो, आणि बोर्डातून मात्र जळकट वास यायला लागतो. बीपचा अर्थ ‘वायर तुटलेली नाही’ एवढाच. ‘वायर चांगली आहे’ असं तो बोललेलाच नसतो.

मीटर जन्माला आला तो ओझ्याच्या कंटाळ्यातून. ब्रिटिश पोस्ट खात्यातला इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी टेलिफोनच्या सर्किटांची देखभाल करायचा, आणि त्यासाठी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी वेगवेगळी उपकरणं वागवावी लागत. त्याने तिन्ही एका पेटीत बसवली. १९२३ साली ही पेटी ‘एव्हीओ’ या नावाने बाजारात आली. तिन्ही मापांची आद्याक्षरं. तिचं आठ नंबरचं मॉडेल १९५१ पासून २००८ पर्यंत बनत होतं. आपल्या अँबॅसॅडर गाडीने साधारण इतकीच वर्षं काढली, पण आठ नंबरचं एव्हीओ ढकलून चालू केल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

आपल्याकडे या उपकरणाची वाट नाशिकवरून जाते. नाशिक म्हटलं की द्राक्षं, कुंभमेळा आणि कांद्याचे भाव एवढंच आठवतं. वायरमनच्या पिशवीतलं बरंचसं सामान तिकडचं आहे हे कोणी बोलत नाही. टपारियाचे टेस्टर आणि पकडी बनतात सातपूरच्या एमआयडीसीत. डिजिटल मीटर बनवणारी ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स तिथलीच. मोटवाने कंपनीचे काट्याचे मल्टिमीटरही नाशिकचे. या मोटवाने घराण्याचाच ‘शिकागो रेडिओ’. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या सभांना त्याचे लाउडस्पीकर असत. १९४२ मध्ये उषा मेहतांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा त्या खटल्यात नानक मोटवानेही आरोपी होते, पुढे सुटले. असल्या घराण्याचा मीटर हातात धरून आपण फक्त ट्यूबलाइटची पट्टी तपासतो, हे जरा कमीपणाचंच.

पण तपकीर गल्लीत ढिगाने दिसतो तो पिवळा मीटर. डीटी-८३० किंवा त्याचा कुठला तरी चुलतभाऊ. दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. मधल्या चक्रावर वीसेक खुणा असतात, त्यातल्या पंधरा वायरमन आयुष्यात फिरवत नाही. ट्रान्झिस्टर तपासायची गोल जागा असते. वायरिंगच्या कामात ट्रान्झिस्टर भेटल्याची नोंद नाही, पण गिऱ्हाईक ती जागा दाखवून दोस्ताला सांगतं, ‘यात तेही आहे.’ घरच्या विजेसाठी एसी व्होल्टच्या दोनच रेंज: २०० आणि ७५०. आपल्या घरात येतात २३० व्होल्ट, म्हणजे पहिली रेंज पुरत नाही आणि दुसरी अंगाला ढगळ होते. माहितीपत्रकात या दुसऱ्या रेंजची अचूकता साधारण ‘सव्वा टक्का, अधिक दहा अंक’ अशी दिलेली असते. गणित केलं तर २३० व्होल्टवर तेरा व्होल्टची सूट. म्हणजे खरे २३० असतील, तर मीटर २१७ पासून २४३ पर्यंत काहीही दाखवून प्रामाणिक राहू शकतो. वीज कंपनीलाही घरगुती पुरवठ्यात २३० च्या वरखाली सहा टक्क्यांची मुभा जुन्या नियमांनी दिलेली होती. ती येते २१६ ते २४४. महावितरणविरुद्ध तक्रार करायला हा मीटर घेऊन जाणारा माणूस पुरावा म्हणून जवळपास महावितरणचीच सूट घेऊन जातो.

मीटरचा रंग पिवळाच का, यालाही इतिहास आहे. गडद चेहरा आणि भोवती पिवळी किनार हे रूप अमेरिकेत फ्लूक कंपनीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवलं आहे. २०१४ साली कोलोरॅडोतल्या स्पार्कफन या कंपनीने चीनमधून दोन हजार स्वस्त मीटर मागवले, आणि ते कस्टम्सने अडवले. कारण एकच: किनार पिवळी. माल परत पाठवणं परवडेना, म्हणून नष्ट करायची वेळ आली. बोभाटा झाला आणि शेवटी फ्लूकने स्पार्कफनला आपली तीस हजार डॉलरहून जास्त किमतीची उपकरणं देऊन टाकली. हा कायदा तपकीर गल्लीत लावायचा ठरवला, तर हळदीच्या व्यापाऱ्यांनीही वकील गाठून ठेवावा.

एवढं बोलूनही पिवळ्या मीटरला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. नऊ व्होल्टचा सेल, रिमोटमधले सेल, मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टमधला मोटर-दिवा यांच्यासाठी तो उत्तम. बरोबर वापरला तर बोर्डातले व्होल्टही ठीकच दाखवतो. बरोबर वापरला तर सगळेच मीटर ठीक दाखवतात. वायरमनने मीटर निवडताना पाहायचं ते वेगळंच: आपण चुकलो की हा काय करतो?

आणि वायरमनच्या चुकांतली सर्वांत जुनी चूक अँपिअरच्या भोकाची. मीटरला तीन भोकं असतात. काळी पिन नेहमी ‘कॉम’मध्ये, लाल पिन व्होल्टला एका भोकात, अँपिअरला दुसऱ्या. काल कोणीतरी लाल पिन अँपिअरच्या भोकात घालून बॅटरीचा करंट मोजला आणि तशीच ठेवली. आज मिस्त्रींनी चक्र फिरवून ७५० व्होल्टवर आणलं आणि पिना सॉकेटमध्ये घातल्या. चक्र कुठे आहे याला आता काही किंमत उरत नाही. अँपिअरच्या भोकामागे जाड तारेचा एक तुकडा असतो, रेझिस्टन्स जवळपास नाहीच. म्हणजे मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी फेज आणि न्यूट्रल शॉर्ट केलेले असतात. पिवळ्या मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं, की इथे फ्यूज नाही. छापणाऱ्याने आपलं कर्तव्य केलं. वाचायला चष्मा लागतो, आणि तो त्या वेळी पिशवीत असतो.

चांगल्या मीटरमध्ये या भोकामागे वाळू भरलेला मोठा सिरॅमिक फ्यूज असतो. तो हजार व्होल्टची आग आतल्या आत गिळतो. त्याची किंमत ऐकून मात्र भल्याभल्यांना घाम फुटतो, कारण तेवढ्या पैशांत आख्खा पिवळा मीटर येतो आणि वर चहाचे सुटतात. मग काय होतं? फ्यूज एकदा उडतो, दुकानदार किंमत सांगतो, आणि त्या जागी केबलमधला एक धागा वळून बसवला जातो. महागाचा मीटर त्या क्षणी अडीचशेचा होतो. फरक इतकाच, की तो अजूनही महागाचा दिसतो.

ऋषभच्या काही मीटरांना यावर उपाय आहे. चक्र व्होल्टवर असताना अँपिअरच्या भोकावर आतून पडदा सरकतो. पिन जातच नाही, आणि पिन आत असेल तर चक्र फिरत नाही. इतकं सरळ डोकं फार कमी उपकरणांना असतं. वायरिंगसाठी म्हणून खास बनवलेल्या काही मीटरांनी तर आणखी सोपा मार्ग काढला: अँपिअरचं भोकच ठेवलं नाही. घरकामात तार तोडून मधे मीटर घालायची वेळ येतेच कशाला? करंट मोजायला टाँग टेस्टर आहे. वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा अडकवायचा, झालं. त्यातही नवशिक्यांची एक ठरलेली तक्रार असते. ते चिमट्यात आख्खी केबल घालतात, आकडा येतो शून्य. गिझर तर चालू आहे! मीटर खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. जाणारा आणि परत येणारा करंट एकाच चिमट्यात घातल्यावर दोघं एकमेकांना खोडून काढणार. चिमट्यात तार एकच घालायची असते. दुकानदार हे महिन्यातून कितीदा सांगत असेल याचा हिशोब त्यानेही सोडून दिला आहे.

मग येते ती ‘कॅट’ची, म्हणजे कॅटेगरीची, खूण. कॅट दोन, तीन, चार, आणि पुढे व्होल्ट. गिऱ्हाईक व्होल्टचा आकडा पाहतं. कॅट पाहत नाही. सॉकेटला लावायच्या उपकरणांसाठी कॅट दोन, घरातल्या बोर्डासाठी आणि पक्क्या वायरिंगसाठी कॅट तीन, बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी आणि वीज मीटरच्या जागेसाठी कॅट चार. घरात २३० च असताना हा घोळ कशाला? कारण कुठे वीज पडते, कुठे मोठी मोटर बंद होते, आणि लाइनवर क्षणभर काही हजार व्होल्टची लाट येते. ६०० व्होल्टच्या मीटरने कॅट दोनमध्ये चार हजारांची लाट सोसायची, कॅट तीनमध्ये सहा हजारांची, कॅट चारमध्ये आठ हजारांची. आता यातला खरा पेच पाहा. कॅट दोनचा हजार व्होल्टवाला मीटर आणि कॅट तीनचा सहाशेवाला, दोघांनाही चाचणीत सहा हजारांचीच लाट दिली जाते. पण कॅट दोनच्या चाचणीत लाटेमागे बारा ओहमचा अडथळा असतो आणि कॅट तीनच्या चाचणीत दोनच ओहमचा. म्हणजे मागून येणारा करंट सहापट. हजारचा आकडा पाहून खूश होणाऱ्याने कमजोर मीटर जास्त पैसे देऊन घेतलेला असतो. बरं, ‘कॅट तीन’ ही अक्षरं छापायला शाई तेवढी लागते. मागचं झाकण उघडून फ्यूज किती मोठा आहे, भोकांच्या आसपास मोकळी जागा किती आहे, बाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेची खूण आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या अक्षरांवर विसंबणं म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या डिग्र्या वाचून मुलगा पसंत करणं.

मीटर जास्त हुशार झाल्याने एक वेगळंच दुखणं सुरू झालं. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स बहुधा एक कोटी ओहमच्या घरात असतो. तो लाइनमधून जवळपास काहीच घेत नाही. त्यामुळे बंद केलेल्या वायरीवरही तो ६०, ८०, ९० असे आकडे दाखवतो. शेजारून एक चालू वायर त्याच पाइपातून गेलेली असते, तिच्यामुळे या वायरीवर व्होल्टची नुसती सावली पडते; त्यात जोर काहीच नसतो. फ्लॅटमध्ये रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा मिणमिणत राहतो, त्यातही अनेकदा हीच भानगड असते. आधीचा मालक आजारी असताना याच खोलीत होता, अशी माहिती मग सोसायटीतून पुरवली जाते. नवा वायरमन ८० व्होल्ट पाहून गोंधळतो आणि आख्खं कन्सिल फिटिंग उकरायचा अंदाज देतो.

जुने मिस्त्री अशा वेळी पिशवीतून होल्डर काढतात. दोन वायरी आणि त्यावर झिरोचा बल्ब. (नाव झिरो, वीज खातो बारा-पंधरा वॉट.) तो त्या सावलीच्या व्होल्टवर पेटतच नाही, कारण त्याला खरा करंट लागतो. वायर बंद आहे, संपला विषय. मीटर कंपन्यांना ही अक्कल उशिरा आली. आता महागाच्या मीटरांवर ‘लो-झेड’ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की मीटर काही हजार ओहमचा होतो, थोडा करंट ओढतो, आणि सावली गळून पडते. मिस्त्रींच्या होल्डरचंच काम. फक्त होल्डरमध्ये आता एलईडीचा दिवा लावू नये, कारण तो सावलीवरही मिणमिणतो आणि आधीचा मालक पुन्हा चर्चेत येतो.

‘ट्रू आरएमएस’ या अक्षरांवरही दुकानात बरीच भाषणं होतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर विजेच्या लाटेचे लचके तोडतो, तेव्हा साध्या मीटरचा अंदाज चुकतो आणि तो बहुधा कमी दाखवतो. ट्रू आरएमएस बरोबर दाखवतो. इन्व्हर्टर आणि डिमरची कामं करणाऱ्याने घ्यावा. बाकीच्यांनी घेतला तरी भांडण नाही.

जूनमध्ये मात्र कुठलाच मीटर उपयोगाचा नाही, असं वाटायला लागतं. भिंत ओली होते, करंटची गळती पकडणारा आरसीसीबी सारखा पडतो, आणि ओहमवर ठेवलेला मीटर म्हणतो, सगळं ठीक आहे. तो खोटं बोलत नाही. त्याने आपल्या सेलच्या जोरावर, फार तर नऊ व्होल्टने, वायरीचं इन्सुलेशन तपासलेलं असतं. वायरीला जगायचं असतं २३० मध्ये. त्यासाठी पाचशे व्होल्ट सोडणारा मेगर लागतो, आणि तो मीटरच्या दुकानात वेगळ्या कपाटात, वेगळ्या किमतीत असतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘हे यातच नाही का येत?’ शेठ म्हणतात, ‘येतं ना,’ आणि जो मीटर काढून दाखवतात त्याची किंमत ऐकून गिऱ्हाइकाला एकदम पावसाळा आवडायला लागतो.

तर तो आयटीआयचा मुलगा. शेजारी उभ्या असलेल्या एका जुन्या मिस्त्रींनी त्याच्या हातून पिवळा मीटर काढून परत काउंटरवर ठेवला आणि लो-झेडवाला, कॅट तीनचा टाँग टेस्टर काढायला लावला. मुलगा म्हणाला, ‘काका, चालेल ना पण हा?’ काका म्हणाले, ‘चालणारा आहे की नाही ते आधी चालू लाइनवर बघायचं पोरा. मग बंद लाइन बघायची. मग परत चालू. मधेच मीटरचा सेल गेला तर चालू वायरही बंद दिसते.’ असं म्हणून त्यांनी दुकानातल्याच सॉकेटमध्ये पिना घातल्या. फेज ते न्यूट्रल, २३६. फेज ते अर्थ, ७४. काकांनी शेठकडे पाहिलं आणि लो-झेडचं बटण दाबलं. शून्य.

‘शेठ, तुमच्या सॉकेटला अर्थिंगच नाही.’

शेठच्या मागे भिंतीवर तांब्याच्या अर्थिंग पट्ट्या, अर्थिंगच्या वायरीचे हिरवे बंडल आणि ‘अर्थिंग कराच’ असं लिहिलेलं कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यांनी एकवार तिकडे पाहिलं, एकवार मीटरकडे, आणि पोऱ्याला हाक मारली, ‘अरे, यांचं बिल आधी कर.’